लाल रेघ उजवीकडे

ती गेल्याला पंचावन्न दिवस झाले होते, तेव्हा नकाशेवाला घरी आला. समोर सोफा मोकळा होता, पण त्यानं तिच्या टेबलाजवळची खुर्ची ओढली. नेहमी ओढायचा तशीच. मला तेवढंच पुरलं. चहा विचारणार होतो, तो शब्द गिळला.

"भावोजी," तो म्हणाला, "तिच्या वह्या आहेत ना तुमच्याकडे?"

मला भावोजी म्हणायला हा तिचा कोण? सख्खा नाही, चुलत नाही, मानलेलाही नाही. ऑफिसातला माणूस, जमिनीखालच्या थरांचे नकाशे काढणारा. चोवीस वर्षं तो मला भावोजी म्हणत आला, आणि दर वेळी जेवताना दाताखाली खडा यावा तसं मला व्हायचं.

"कसल्या वह्या?" मी विचारलं.

"खडकांच्या. सगळ्या नकोत. चौदा नंबरची तेवढी द्या. सोमवारी समिती बसतेय."

"नंबरसुद्धा पाठ आहेत तुम्हाला."

त्यानं मान खाली घातली. "एकत्रच काम करायचो आम्ही."

"ते मला कुणी सांगायला नको."

"भावोजी, समितीनं नाही म्हटलं तर कंपनी हे खोरं सरकारला परत करून टाकणार. मग तिचं म्हणणं कायमचं खोटं ठरेल. अठरा वर्षं ती एकच गोष्ट सांगत होती."

"काय आहे चौदा नंबरच्या वहीत?"

"चित्रं आहेत तिनं काढलेली."

"तुम्ही तर सगळं एकत्र बघितलंय. सांगा की तुम्हीच समितीला."

"माझ्या सांगण्याला किंमत नाही. तिच्या हातचं, तारखेसकट पाहिजे." आणि मग उगाच हळू आवाजात, "पानं मीच निवडून घेईन. तुम्हाला त्रास नको."

पानं तोच निवडणार. माझ्या बायकोच्या वहीतली कुठली पानं बाहेर काढायची आणि कुठली नाहीत, हे हा ठरवणार. मी म्हटलं, "वह्या सापडत नाहीत." वह्या त्याच्या पाठीमागच्या कपाटात होत्या, काचेतून दिसत होत्या. त्यानं वळून बघितल्या. पाणी प्यायला आणि निघून गेला.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली.

"बाबा, आईच्या दुखण्यात तो माणूस रोज दवाखान्यात यायचा."

"तेच म्हणतोय मी. रोज यायची काय गरज होती?"

"तुम्हाला घरी जाऊन अंघोळ करता यावी म्हणून."

"मला अंघोळीची घाई नव्हती."

"ते कळायचं आम्हाला वासावरून," लेक म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "द्या ना वही. आईचं काम आहे ते."

मी फोन ठेवला. लेकही त्याच्याच बाजूची.

आता हे खोऱ्याचं काय ते सांगायला हवं. मी शिकलेला नाही, पण तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. ती सूक्ष्मदर्शकाखाली दगड बघायची. ऑफिसात तिला भिंगवाल्या बाई म्हणत. लग्न झालं तेव्हा ती काचपट्ट्या धुवायच्या कामावर होती आणि मी रिगवर, विहीर खणायच्या यंत्रावर. मग ती परीक्षा देत गेली, एक एक पायरी चढत गेली. मी होतो तिथंच राहिलो. मला त्याचा अभिमान होता. अभिमान होता आणि पोटात दुखायचंही. दोन्ही खरं.

खोरं म्हणजे एक मोठी परात समजा, असं ती म्हणायची. पाच-सहा कोटी वर्षं तिच्यात गाळ साचत गेला. आधी तिथं तळं होतं. तळ्यात पानं, शेवाळ, बारीक जीव पडले, कुजले, चिखलात गाडले गेले. तळं भरलं, मग नद्या आल्या आणि त्यांनी वाळू पसरली. मग समुद्र आत शिरला आणि त्यानं सगळ्यावर बारीक, चिकट चिखल घातला. खालचा तळ्याचा चिखल जमिनीच्या उष्णतेनं शिजला आणि त्याचा गॅस झाला. गॅस वर चढला, वाळूच्या फटींत शिरला. त्याच्या वर समुद्राचा चिखल झाकणासारखा बसलेला. झाकण अखंड असेल तर गॅस अजून तिथंच असणार.

चिखल किती शिजला ते ती परागकणांवरून सांगायची. दगडात फुलांचे परागकण राहतात, कोट्यवधी वर्षं. कच्चे असले की पिवळे. तापले की नारिंगी, मग तपकिरी, मग काळे. "चहा बघून नाही का कळत तुम्हाला, पाणचट आहे का करपलाय?" ती म्हणायची. खोऱ्यातले कण गडद तपकिरी होते. गॅससाठी हवे तितकेच शिजलेले. याबद्दल कुणाचा वाद नव्हता.

वाद होता झाकणाचा. अठरा वर्षांपूर्वी तिथं एक विहीर खणली. तिचा गॅस मोजण्याआधीच भोक ढासळलं, आणि उरला तो नुसता कोअर. कोअर म्हणजे जमिनीतून काढलेला दगडाचा लांब दांडा, मनगटापेक्षा जाड, मीटर-मीटरचे तुकडे करून पेट्यांत भरलेला. त्यातल्या सदतीस नंबरच्या पेटीत खाली समुद्राचा चिखल दिसला आणि वर नदीची वाळू. त्या वर अडतीस नंबरात पुन्हा समुद्राचा चिखल. त्या वेळच्या मोठ्या साहेबांनी अर्थ लावला की समुद्र दोनदा आला. मधे तो हटला, नदीनं झाकण कापलं, गॅस निसटून गेला. खोरं रिकामं. फाईल बंद.

ती एकटी म्हणत होती की समुद्र एकदाच आला. आणि नकाशेवाला तिच्या मागे उभा राहून मान हलवत होता. बाकीचे हसायचे. एकदा मीच विचारलं, "तुला इतकी खात्री कशावरून?" ती म्हणाली, "सगळं खोरं एका बाजूला आणि ती एक पेटी एका बाजूला. खोटं बोलत असेल तर पेटीच बोलत असेल."

तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी चौदा नंबरची वही काढली. खरं सांगतो, खोऱ्यासाठी नाही काढली. त्याच्याबद्दल तिनं काय लिहिलंय ते बघायला काढली. हा मूर्खपणा आहे हे कळत होतं, तरी ओळीवर बोट ठेवून वाचत गेलो. त्याला ती "न." लिहायची. "न.चा नकाशा चुकीचा वाटतो." "न.शी भांडण, दोन तास." "न. म्हणतो वाळू, मी म्हणते नाही, चावून बघितली, वाळूच." भांडणाचंही मला वाईट वाटलं. माझ्याशी ती दोन तास कधी भांडली नाही. माझ्याशी भांडण म्हणजे "जाऊ द्या" म्हणून पाच मिनिटांत मिटायचं.

दगड चावून बघणं ही त्यांच्यातली रीत आहे. कण इतके बारीक की डोळ्यांना कळत नाही, पण दातांत कुरकुर झाली तर रेतीचा अंश आहे, लोण्यासारखं लागलं तर निव्वळ गाळ. रिगवर सगळे करतात. पण एकदा मी जे बघितलं ते विसरू शकलो नाही. त्याच विहिरीवर, कोअर निघाला त्या दिवशी. मी शेडमधे कोअर पुसत होतो. समोर खोलीच्या पायरीवर ही दोघं बसली होती. तिनं दगडाची एक कपची चावली, उरलेली अर्धी त्याच्या हातात दिली, आणि त्यानं ती तोंडात घातली. ती काहीतरी म्हणाली आणि दोघं हसत सुटली, अगदी पोट धरून. ती घरी अशी हसायची नाही. माझ्या डोळ्यांत ते जे खुपलं ते अजून खुपतंय.

वहीच्या मध्यावर चित्रं लागली. बोटभर रुंदीचे दगड, त्यांत बारीक वाकड्या नळ्या, प्रत्येकीला बाण. शेजारी लिहिलेलं: "पेटी ३७. किड्यांची बिळं. सगळ्यांची तोंडं खाली, शेपट्या वर. किडा समुद्राच्या तळावरून खाली खणतो. तळातून वर खणत नाही. पेटी उलटी लागली आहे."

खाली तारीख. तीन वर्षांपूर्वीची.

पान उलटलं.

"लाल रेघ डावीकडे पडली आहे. पेनांची जोडी उलटी धरली गेली असणार. रेघा ह्यांच्या हातच्या. ओळखते मी, शेवटी हात जरा उचलतात."

ह्यांच्या म्हणजे माझ्या.

कोअर बाहेर आला की पुसायचा, तुकडे जुळवायचे आणि अंगावर दोन रेघा ओढायच्या, एक लाल, एक काळी. दगड सरळ उभा धरला की लाल रेघ उजवीकडे यायला हवी, म्हणजे पुढे कुणाच्याही हातात तो तुकडा गेला तरी वरची बाजू कुठली ते कळतं. दोन्ही रेघा एकदम पडाव्यात म्हणून आम्ही दोन पेनं चिकटपट्टीनं बांधून ठेवतो. जोडी हातात उलटी धरली तर लाल डावीकडे जाते. पुढे गोदामात लाकडी खोक्यांतून पत्र्याच्या पेट्यांत कोअर हलवतात तेव्हा रेघा बघूनच लावतात. रेघ उलटी तर पेटी उलटी. कुणी शंका घेत नाही, कारण रेघ चुकत नाही असं सगळे धरून चालतात. मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

सदतीस नंबर कधी पुसला, ते मला आठवत होतं. समोर पायरीवर ती दोघं हसत होती तेव्हा.

त्याखाली आणखी चार ओळी होत्या. "न.ला सांगितलं. ह्यांना सांगायचं नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, चौकशी लागेल, आणि चौकशीपेक्षा हे स्वतःच स्वतःला खातील. निवृत्ती होऊ दे, मग काढू. न.नं शब्द दिला आहे."

आणि शेवटी एकटीच ओळ: "समुद्र एकदाच आला."

मी निवृत्त झालो त्यानंतर सहा महिन्यांत तिचं दुखणं निघालं. मग पेटी कोण काढणार?

आता माणसाला आधी लाज वाटायला हवी होती. माझ्या एका रेघेनं तिला अठरा वर्षं खोटं पाडलं होतं. लाज वाटली, पण नंतर. आधी आली ती जळजळ. त्या दोघांचं एक गुपित होतं. इतकी वर्षं मी ज्याचा वास घेत फिरत होतो ते खरंच होतं, आणि ते गुपित मीच होतो. तीन वर्षं तो माझ्या घरी येत होता, माझ्या हातचा चहा पीत होता, भावोजी म्हणत होता, आणि त्याला सगळं माहीत होतं. माझ्यावर त्याचे उपकार. दुसरं काहीही चाललं असतं मला.

पानं मीच निवडून घेईन, तो म्हणाला होता. हे पान तो मागेच ठेवणार होता.

सोमवारी मी वही कापडी पिशवीत घातली आणि बसनं गोदामात गेलो. तीस वर्षं मी त्या दारातून आत गेलो होतो. आत तोच ओल्या दगडाचा आणि पुठ्ठ्याचा वास, छतापर्यंत पेट्यांचे रॅक, मधे लांब टेबलं. टेबलावर छत्तीस, सदतीस आणि अडतीस नंबरच्या पेट्या उघडून ठेवल्या होत्या. एका बाजूला समितीचे तिघं, मधे त्यांच्या प्रमुख बाई, चष्मा कपाळावर चढवलेला. समोर नकाशेवाला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"बिळांचा भाग कुठे आहे?" बाई विचारत होत्या.

"तपासणीसाठी कापून नेला, दोन वर्षांपूर्वी. आता उरलेला नाही. पण तो होता, आणि बिळं उलटी होती. पेटी लावताना गोदामात चूक झाली असावी."

"असावी," बाई म्हणाल्या. "पण रेघा तर स्पष्ट आहेत. लाल उजवीकडे. तुमच्या सांगण्यावरून रेघ खोटी कशी मानायची?"

त्याला एक वाक्य बोलायचं होतं आणि तो तोंडात मूग धरून उभा होता. शब्द दिलेला. मी दारात उभा राहून ते बघितलं, आणि कबूल करतो, दोन क्षण मला बरं वाटलं. आणखी थोडा घाम फुटू दे, असंही वाटलं. मग लक्षात आलं की हरणार आहे ती.

"रेघ खोटी आहे," मी म्हटलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. नकाशेवाला म्हणाला, "भावोजी, तुम्ही कशाला..."

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"रेघा मारणारा. ही माझ्या हातची आहे. शेवटी बघा, हात उचललेला दिसेल."

बाईंनी चष्मा खाली घेतला आणि वाकून बघितलं. "दिसतोय. मग?"

"पेनांची जोडी मी उलटी धरली होती."

"अठरा वर्षांनी तुम्हाला आठवतंय?"

"आठवतंय."

"कशी काय धरली उलटी?"

"लक्ष दुसरीकडे होतं."

"कुठे?"

मी नकाशेवाल्याकडे बघितलं नाही. "बायकोकडे," मी म्हटलं.

समितीतला एक जण हसला. बाई हसल्या नाहीत. मी पिशवीतून वही काढून त्यांच्या हातात दिली, चित्रांचं पान उघडून. पुढचं पानही असू दिलं. त्या उभ्यानं वाचत राहिल्या, मग मागे जाऊन पुन्हा वाचलं. तेवढ्यात मी बाह्या वर केल्या. सदतीस नंबरातले तुकडे एक एक करून बाहेर काढले आणि उलट क्रमानं परत लावले. शेवटचा तुकडा अडतीस नंबरच्या पहिल्या तुकड्याला लावला. कोअर तुटतो तेव्हा त्याचे ओबडधोबड दात एकमेकांत बसतात, फक्त आपल्याच जोडीदाराशी; पण रेघ बरोबर दिसली की सांधा कुणी लावून बघत नाही. जरा फिरवला आणि टक् करून बसला. तो आवाज मला चांगला माहीत आहे. दुसऱ्या टोकाला छत्तीस नंबरचा तुकडा नकाशेवाल्यानं लावला. तोही बसला.

आता खालून वर नदीची वाळू, मग किनाऱ्याचा गाळ, मग समुद्राचा चिखल, अडतीसमधे तोच चिखल पुढे चालू. समुद्र एकदाच.

बाईंनी पाण्याचा फवारा मारून दगड ओला केला, सांध्यावर नख फिरवलं. एक कपची काढून दाताखाली धरली. बराच वेळ चावत राहिल्या.

"गॅस मिळेलच असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण झाकण कापलं गेलंय असं म्हणायला आता आधार नाही. खोरं सोडायचं नाही. एक विहीर पुन्हा घेऊ, अशी शिफारस मी करते." वही मिटून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अहवालात भिंगवाल्या बाईंचं नाव पहिलं येईल. तुमचा जबाबही जोडावा लागेल."

"जोडा," मी म्हटलं. "पूर्ण नावानिशी."

समिती बाहेर गेली. वही प्रतीसाठी नेली, संध्याकाळपर्यंत परत देतो म्हणाले. आम्ही दोघंच उरलो. पेट्या बंद करायच्या होत्या.

"मला वही दिली असती तर हे टळलं असतं," तो म्हणाला. "तुमचं नाव मी येऊ दिलं नसतं."

"म्हणूनच नाही दिली."

त्याला हे समजलं की नाही, माहीत नाही. मला एक विचारायचं होतं. अठरा वर्षं विचारायचं होतं. पुन्हा धीर झाला नसता, म्हणून विचारून टाकलं.

"त्या दिवशी पायरीवर बसून तुम्ही दोघं दगड चावत होता. ती काहीतरी म्हणाली आणि तुम्ही हसायला लागलात. काय म्हणाली होती?"

"कुठल्या दिवशी?"

"हा कोअर निघाला त्या दिवशी. तिनं अर्धी कपची तुम्हाला दिली."

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, कपाळाला आठ्या पडल्या त्याच्या. "नाही आठवत, भावोजी. दगड तर रोजच चावायचो. ती विनोदही रोजच करायची."

रोजच. मी जे एकदाच बघून जन्मभर उराशी धरलं ते त्याला रोज मिळायचं, आणि त्यातलं त्याला काही आठवतही नव्हतं. खरंच आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, याची खात्री मला आजही नाही. तो शब्द पाळणारा माणूस आहे हे मी नुकतंच बघितलं होतं, आणि तेच तर मला छळतंय.

"रेघा नव्या मारायला लागतील," तो म्हणाला. खिशातून त्यानं पेनांची जोडी काढली, लाल आणि काळं, चिकटपट्टीनं बांधलेली.

मी पट्टी सोडली. काळं पेन बाजूला ठेवलं. त्यानं पहिला तुकडा दोन्ही हातांनी उभा धरला, वरची बाजू वर. हात हलू नये म्हणून कोपर टेबलाला टेकवलं. जुनी लाल रेघ मी ओल्या फडक्यानं पुसायला गेलो, ती पुसली गेली नाही. म्हणून तिच्यावर फुली मारली आणि लाल पेननं नवी रेघ ओढली, काळीच्या उजवीकडे, वरपासून खालपर्यंत. या वेळी शेवटी हात उचलला नाही.

"नीट धरा," मी त्याला म्हटलं.

"धरलाय, भावोजी," तो म्हणाला.